प्लेऑफची ओळ आणि पगाराचा रकाना: बास्केटबॉल-रेफरन्सचा एक रिव्ह्यू

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे आकडे मांडणारी बास्केटबॉल-रेफरन्स ही साइट कशासाठी वापरायची असं कुणी विचारलं, की मी आधी जेरोम जेम्सचं पान उघडायला सांगते. आज हे नाव फारसं कुणाला आठवत नाही. 2004-05 च्या मोसमात तो सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सचा सेंटर होता. रेग्युलर सीझनमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांत, सामन्याला सरासरी 4.9 गुण आणि 3 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). त्याच तक्त्यावर प्लेऑफचा, म्हणजे त्यानंतरच्या बाद फेऱ्यांचा, पर्याय निवडला की आकडे एकदम फुगतात: 11 सामने, 12.5 गुण, 6.8 रिबाउंड. मग पान खाली सरकवत न्यायचं. तळाशी त्याच्या बदल्यांची आणि पगाराची नोंद आहे. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सनी त्याला पाच वर्षांसाठी सुमारे 3 कोटी डॉलर दिले. आता परत वर जाऊन पुढच्या मोसमाची ओळ बघायची: 45 सामने, 3.1 गुण. निक्सकडून तो सगळे मिळून 90 सामने खेळला.

एका पानावरचे हे तीन तुकडे, म्हणजे रेग्युलर सीझन, प्लेऑफ आणि पगार, एकत्र वाचता येतात, म्हणून ही साइट मला इतकी आवडते. माझी नोकरी पगारपत्रकांची आहे. कुणाला किती मिळाले यापेक्षा ते कशापोटी मिळाले, कुठल्या नियमात बसवून मिळाले, हे शोधायची मला सवय आहे. एनबीएत दर जूनमध्ये एकच चर्चा रंगते: अमक्याने प्लेऑफमध्ये धमाल केली, आता त्याची चांदी. ही चर्चा कितपत खरी हे तपासायचं असेल तर याहून सोयीची जागा मला अजून सापडलेली नाही.

साइटच्या रूपाबद्दल थोडक्यात सांगते. दिसायला ती साधी आहे, जुन्या वळणाची, तक्त्यांनी ठासून भरलेली. शोधपेटीत नाव टाकलं की थेट खेळाडूचं पान येतं. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की त्या क्रमाने यादी लागते. कुठलाही तक्ता सीएसव्ही करून घेता येतो, मग तो आपल्या शीटमध्ये टाकून हवं ते करा. सगळं फुकट आहे, जाहिराती असतात. फोनवर रुंद तक्ते आडवे सरकवत बघावे लागतात, त्यामुळे निवांत बसून वाचायचं तर मोठा पडदा बरा.

खरा कस लागतो गेम लॉगमध्ये. सरासरी सगळं एका भावात काढते, गेम लॉग प्रत्येक रात्र वेगळी मांडतो. जेलन ब्रन्सनचं 2022 घ्या. डॅलसचा लुका डोन्चिच पोटरीच्या दुखापतीमुळे युटाविरुद्धचे पहिले तीन सामने खेळला नाही. त्या तीन रात्रींचे ब्रन्सनचे गुण: 24, 41, 31. 41 च्या सामन्यात टर्नओव्हरच्या रकान्यात शून्य आहे. अख्ख्या संघाचा भार अंगावर, समोरचा बचाव फक्त त्याच्यासाठी आखलेला, आणि चेंडू एकदाही हातातून गेला नाही! हा शून्य मला त्या 41 पेक्षा मोठा वाटतो. गार्डला मोठी रक्कम द्यायची तर क्लबना नेमकी हीच खात्री हवी असते.

पण ब्रन्सनचं पान इथेच मिटलं तर अर्धीच गोष्ट कळते. एक ओळ वर, 2021 च्या प्लेऑफकडे जा. क्लिपर्सविरुद्धच्या सात सामन्यांत सरासरी 8 गुण, मैदानावर जेमतेम 16 मिनिटं. तेव्हा त्याच्याबद्दल शंका होती की उंची कमी, प्लेऑफच्या घट्ट बचावात याचं चालत नाही. 2022 मध्ये त्याची सरासरी 21.6 झाली, डॅलस वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलपर्यंत गेला, आणि उन्हाळ्यात निक्सनी त्याला चार वर्षांचे 10.4 कोटी डॉलर दिले. डॅलसमधला त्याचा आधीचा करार चार वर्षांत 1 कोटीसुद्धा नव्हता, कारण तो ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीत, 33 व्या क्रमांकावर निवडला गेला होता. मला वाटतं, प्लेऑफने त्याला नवं कौशल्य दिलं नाही. रेग्युलर सीझनमध्ये तो 16.3 गुणांपर्यंत पोचलेलाच होता. प्लेऑफने त्याच्या नावापुढचं एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि ते बरोबर करार संपायच्या वर्षी काढलं. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी जुळल्या म्हणून रक्कम एवढी झाली. निक्सनी त्याच वर्षी त्याच्या वडिलांना, रिक ब्रन्सन यांना, सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं होतं, आणि परवानगीच्या वेळेआधीच बोलणी सुरू केल्याबद्दल एनबीएने निक्सचा 2025 च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीतला पिक, म्हणजे निवडीचा हक्क, काढून घेतला. फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, ही निव्वळ आकड्यांवर होत नाही, त्याचं हे ठळक उदाहरण.

जेम्सच्या अकरा सामन्यांवर निक्सनी पैसे लावले ते का फसले आणि ब्रन्सनवर लावलेले का फळले, याचं उत्तर मला रेग्युलर सीझनच्या ओळींत दिसतं. ब्रन्सनची ओळ दुसऱ्या मोसमातली थोडी घसरण सोडली तर चढती आहे, प्लेऑफ त्या चढाचा पुढचा टप्पा आहे. जेम्सच्या पानावर तसा चढ कुठेच नाही. अकरा सामन्यांचं एक टोक वर येतं आणि सगळं परत खाली जातं. दोन्ही पानं शेजारी शेजारी दोन टॅबमध्ये उघडून बघा. पैशांची किंमत कळणाऱ्या कुणालाही हा फरक क्षणात दिसेल.

आता ज्या भागावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला त्याकडे येते: 2023 चा मायामी हीट. आठव्या मानांकनाचा संघ, मिलवॉकी, न्यूयॉर्क आणि बॉस्टनला हरवून फायनलपर्यंत गेला. त्या संघातल्या मॅक्स स्ट्रस, गेब व्हिन्सेंट आणि केलेब मार्टिन या तिघांचीही ड्राफ्टमध्ये निवड झाली नव्हती. तिघं एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली एकाच मोहिमेत खेळले. म्हणजे तुलनेला याहून चांगली सामग्री मिळणं कठीण.

व्हिन्सेंटचं पान सरळ वाचता येतं. रेग्युलर सीझन 9.4, प्लेऑफ 12.7. बॉस्टनविरुद्ध तिसऱ्या सामन्यात 29 गुण. करार संपत होता, लेकर्सनी तीन वर्षांचे 3.3 कोटी डॉलर दिले. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या रेग्युलर सीझनमध्ये तो फक्त 11 सामने खेळला. याबद्दल कुणाला दोष देता येत नाही, शरीर आहे.

स्ट्रसचं पान मात्र पहिल्या नजरेत कोड्यात टाकतं. रेग्युलर सीझन 11.5, प्लेऑफ 9.3, म्हणजे प्लेऑफमध्ये तो घसरला. फायनलच्या पहिल्या सामन्याची ओळ तर बघवत नाही: 10 शॉट, एकही आत नाही. आणि तिघांत सगळ्यात मोठा करार त्यालाच मिळाला. क्लीव्हलंडने चार वर्षांचे सुमारे 6.3 कोटी डॉलर मोजून त्याला साइन-अँड-ट्रेडने, म्हणजे मायामीने करार करून लगेच बदलीत द्यायच्या पद्धतीने, नेलं. का? क्लीव्हलंडला सतत धावत राहून लांबून नेम धरणारा विंग, म्हणजे कडेने खेळणारा खेळाडू, हवा होता, आणि स्ट्रस दोन मोसम तेच काम करत होता. प्लेऑफमधले काही आठवडे त्याचा नेम चुकला, पण तो चुकत असतानाही बचावपटू त्याला सोडून आत येत नव्हते. ही गोष्ट गुणांच्या रकान्यात दिसत नाही, सामना बघणाऱ्याला दिसते.

स्ट्रसचं आणखी एक आहे, आणि ते मला आवर्जून सांगावंसं वाटतं. प्लेऑफच्या उंबरठ्यावर, शिकागोविरुद्धच्या प्ले-इन सामन्यात त्याने 31 गुण केले. तो सामना हरला असता तर मायामीचा मोसम तिथेच संपला असता. पुढचं काहीच झालं नसतं, ना मिलवॉकीचा पराभव, ना फायनल. पण एनबीएच्या नियमाप्रमाणे प्ले-इनचे आकडे रेग्युलर सीझनमध्ये धरत नाहीत आणि प्लेऑफमध्येही धरत नाहीत. म्हणजे स्ट्रसची त्या वर्षातली सगळ्यात मोलाची रात्र दोन्ही सरासऱ्यांच्या बाहेर राहते. पान वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही तर त्याच्यावर अन्याय होतो.

आणि मार्टिन. बॉस्टनविरुद्धच्या मालिकेत सामन्याला 19.3 गुण, 60 टक्के नेम. सातव्या सामन्यात बॉस्टनच्याच मैदानावर 26 गुण आणि 10 रिबाउंड. मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात जिमी बटलरला 5 मतं, मार्टिनला 4. एका मताने हुकलं. त्या जूनमध्ये तो फ्री एजंट असता तर? पण नव्हता. त्याने 2022 मध्येच तीन वर्षांचा करार केला होता आणि बाहेर पडायची मुभा 2024 च्या उन्हाळ्यात होती. तोपर्यंत मधला मोसम साधारण गेला, मायामी पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून हरला, आणि फिलाडेल्फियाशी त्याचा जो चार वर्षांचा करार झाला त्यात वर्षाची सरासरी 1 कोटी डॉलरच्याही खाली राहिली. तिघांत सर्वात मोठी मालिका खेळलेल्या माणसाला वर्षाचा सर्वात कमी भाव मिळाला, तोही वर्षभर थांबून. मार्टिनचा गेम लॉग आणि खालचा पगाराचा तक्ता वाचताना मला अजूनही चुटपुट लागते.

तेव्हा कुणाची प्लेऑफ मोहीम बघून ‘आता याला किती मिळणार’ असं वाटलं, तर आधी करार कधी संपतो ते बघावं. साइटवर प्रत्येक संघाचं करारांचं पान आहे, त्यात पुढची वर्षं आणि खेळाडूचा किंवा संघाचा ऑप्शन (पुढचं वर्ष ठेवायचं की नाही हे ठरवायचा हक्क) वेगळ्या रंगात दाखवलेला असतो. माझ्या मते साइटवरचं हे सगळ्यात कामाचं पान आहे, आणि बहुतेक लोक तिथवर जात नाहीत.

करार संपत असला तरी पुढचा प्रश्न उरतोच: आपला संघ किती देऊ शकतो? देण्याची इच्छा असते, पण नियम हात बांधतो. ब्रूस ब्राउन 2022 मध्ये डेन्व्हरला वर्षाला साधारण 65 लाख डॉलरवर आला. 2023 मध्ये डेन्व्हरने पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि फायनलच्या चौथ्या सामन्यात ब्राउनने 21 गुण केले, त्यातले 11 शेवटच्या क्वार्टरमध्ये. डेन्व्हर त्याला वर्षाला साधारण 78 लाखांहून जास्त देऊ शकत नव्हता. खेळाडू संघात सलग तीन मोसम राहिला की लॅरी बर्डच्या नावाने ओळखले जाणारे पूर्ण बर्ड राइट्स मिळतात, मग सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, ओलांडूनही त्याला ठेवता येतं. दोन मोसम झाले तर मर्यादित सवलत. एकच मोसम झाला तर आधीच्या पगाराच्या 120 टक्के, बस्स. ब्राउनचा एकच मोसम झाला होता. इंडियानाकडे कॅपमध्ये जागा होती, त्यांनी दोन वर्षांचे 4.5 कोटी डॉलर मांडले, त्यातलं दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. पहिल्याच मोसमात, जानेवारी 2024 मध्ये, पास्कल सियाकमच्या बदल्यात त्यांनी त्याला टोरांटोला पाठवलंही. त्याचं पान उघडलं तर आणखी एक गोष्ट दिसेल: रेग्युलर सीझन 11.5 गुण, प्लेऑफ 12. म्हणजे तो फारसा बदललाच नाही. प्लेऑफमध्ये भल्याभल्यांचे आकडे उतरतात, तिथे तेवढेच राहणं हीच त्याची मोठी कमाई होती.

बर्ड राइट्सच्या याच अडचणीत बॉबी पोर्टिस 2021 मध्ये होता. मिलवॉकीने विजेतेपद मिळवलं, पोर्टिस प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत झाला, आणि त्याने बाजारभावापेक्षा कमी पैशांत तिथेच राहायचं ठरवलं. दुसरा मोसम पूर्ण झाल्यावर 2022 मध्ये चार वर्षांचे सुमारे 4.9 कोटी मिळाले. त्याच्या पगाराच्या तक्त्यातली ही पायरी बघून मला खूप बरं वाटतं. आयझाया हार्टेनस्टाइनने उलट केलं: निक्स नियमात बसवून चार वर्षांचे 7.25 कोटी देऊ शकत होते, ओक्लाहोमा सिटीने तीन वर्षांचे 8.7 कोटी दिले, तो गेला, आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. त्याचंही काही चुकलं नाही.

2016 चा उन्हाळा मात्र वेगळाच वाचावा लागतो. साइटवर वर्षवार सॅलरी कॅपचा तक्ता आहे, तो आधी उघडावा. नव्या प्रसारण करारामुळे कॅप एका वर्षात 7 कोटींवरून 9.4 कोटींवर गेली. जवळपास प्रत्येक संघाच्या खिशात अचानक पैसा आला. टोरांटोच्या बिस्मॅक बियोंबोने कॉन्फरन्स फायनलच्या एका सामन्यात 26 रिबाउंड घेतले आणि ऑर्लँडोने त्याला चार वर्षांचे 7.2 कोटी दिले. हे प्लेऑफमुळे, असं म्हणायला आपण मोकळे. पण त्याच आठवड्यात तिमोफे मोझगोव्हला लेकर्सनी चार वर्षांचे 6.4 कोटी दिले, आणि क्लीव्हलंडच्या विजयी प्लेऑफमध्ये तो बहुतेक वेळ बाकावर होता. हॅरिसन बार्न्सचे फायनलच्या शेवटच्या तीन सामन्यांत 32 पैकी 5च शॉट आत गेले, गोल्डन स्टेट 3-1 अशी आघाडी घेऊन हरलं, आणि डॅलसने त्याला जास्तीत जास्त जेवढं देता येतं तेवढं, 9.4 कोटी, दिलं. बियोंबोचं एकट्याचं पान वाचणारा प्लेऑफला श्रेय देईल. तिघांची पानं कॅपच्या तक्त्यासोबत वाचणाऱ्याला बाजार दिसेल.

अगदी वरच्या थरातल्या खेळाडूंना तर प्लेऑफचा थेट फायदा नियमातच नाही, हे मला साइट धुंडाळताना नीट उमगलं. कमाल पगार अनुभवाच्या वर्षांवर ठरतो: कॅपच्या 25, 30 किंवा 35 टक्के. सुपरमॅक्ससाठी, म्हणजे अनुभव पुरा होण्याआधीच 35 टक्के मिळवायला, ऑल-एनबीए (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड), एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) किंवा सर्वोत्तम बचावपटू यांपैकी काही लागतं, आणि हे सगळे रेग्युलर सीझनचे मान आहेत. फायनलचा एमव्हीपी त्यात धरतच नाहीत. 2023 मध्ये जेलन ब्राउनचा मायामीविरुद्धचा सातवा सामना बघा: 23 पैकी 8 शॉट, 8 टर्नओव्हर, बॉस्टन घरच्या मैदानावर बाहेर. दोन महिने व्हायच्या आत त्याच ब्राउनचा 30.4 कोटींपर्यंतचा, तोवरचा एनबीएतला सर्वात मोठा करार झाला, कारण ऑल-एनबीएत त्याचं नाव आलं होतं. लोकांनी तेव्हा त्याच्यावर केवढी आग पाखडली! पुढच्या वर्षी बॉस्टन जिंकलं आणि फायनलचा एमव्हीपी तोच होता. एका वाईट रात्रीवरून माणसाची किंमत न करण्याचा बॉस्टनचा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो.

आकड्यांत न मावणारं एक पान सांगायलाच हवं. माँट्रेझ हॅरल, 2019-20, क्लिपर्स. रेग्युलर सीझन 18.6 गुण, सिक्स्थ मॅनचा, म्हणजे सर्वोत्तम राखीव खेळाडूचा, पुरस्कार. प्लेऑफ 10.5 गुण, डेन्व्हरविरुद्ध संघ 3-1 वरून हरला. त्यानंतर लेकर्सशी करार झाला तो मिड-लेव्हल एक्सेप्शनमधला (कॅप ओलांडलेल्या संघालाही मिळणारी ठरावीक रकमेची सवलत), दोन वर्षांचे 1.9 कोटींच्या आसपास. पानावर घसरण स्वच्छ दिसते. पण त्या उन्हाळ्यात हॅरल घरच्या अडचणीमुळे ऑर्लँडोच्या बबलमधून, म्हणजे कोविडमुळे सगळे संघ एकत्र ठेवलेल्या बंदिस्त जागेतून, बाहेर गेला होता, आणि त्याच काळात त्याची आजी वारली. तो परतला तेव्हा प्लेऑफ तोंडाशी आला होता. ही ओळ कुठल्याच तक्त्यात असू शकत नाही. म्हणून कुठल्याही खेळाडूचा प्लेऑफ अचानक पडलेला दिसला की मी त्या दिवसांच्या बातम्याही शोधते.

साइटची मालकी असलेल्या स्पोर्ट्स रेफरन्सचीच स्टॅटहेड नावाची सशुल्क सेवा आहे. ‘करारातल्या शेवटच्या वर्षी प्लेऑफमध्ये ज्यांची सरासरी पाच गुणांनी वाढली असे सगळे’ अशी यादी काढायची झाली तर तिथून प्लेऑफचे आकडे चाळून घ्यायचे, सीएसव्हीत आणायचे आणि करारांची तारीख स्वतः जोडायची. हे काम किचकट आहे, पण होतं. एखाद-दुसऱ्या खेळाडूबद्दल कुतूहल असलेल्याला फुकटची साइट भरपूर पुरते. जूनमध्ये फायनल संपली की दुसऱ्याच दिवसापासून संघांना आपल्या खेळाडूंशी बोलणी करता येतात आणि 30 जूनच्या संध्याकाळी बाजार सगळ्यांना खुला होतो. मधले हे थोडे दिवस संघांची करारांची पानं चाळायला सगळ्यात चांगले.